कोणता बालाजी?

माझं नाव बालाजी. पुण्यात हे सांगितलं की समोरच्याला काहीतरी माहिती मिळते. नांदेडात सांगितलं की समोरचा तसाच थांबून राहतो. त्याला वाटतं, माणूस अजून नाव सांगायचा आहे.

"बालाजी," मी पुन्हा म्हणतो.

"ते कळालं हो सर. पण कोणता?"

या 'कोणता'चं उत्तर देण्यात माझा जन्म चालला. आधी वडलांचं नाव, मग गाव, मग नोकरी, मग "ते टक्कल असलेले" अशी खूण, आणि एवढं करूनही पटलं नाही तर बायकोचं माहेर. माहेर सांगितलं की मात्र लगेच ओळख पटते. "आसं आसं, मुखेडकडचे जावई का? मग आधी सांगायचं की!" म्हणजे माझी ओळख माझ्या सासऱ्यापाशी जमा आहे आणि बारशात ठेवलेलं नाव नुसतं सातबाऱ्यावर.

अहमदपूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत चौथीच्या वर्गात चौतीस पोरं होती. त्यात पाच बालाजी, तीन व्यंकट, दोन गोविंद, दोन तिरुपती आणि एक श्रीनिवास. श्रीनिवास तलाठ्याचा, म्हणून त्याचं नाव जरा धुतलेलं. ही तेराही नावं एकाच देवाची. गुरुजी हजेरी घ्यायला लागले की बाहेरून जाणाऱ्याला वाटे, आत सहस्रनाम चाललंय. पाचातल्या एका बालाजीनं गृहपाठ केला नाही असं कळलं की गुरुजी चौकशीत वेळ घालवत नसत. पाचही जणांना ओळीनं उभं करून एकेक छडी देत. "तुमच्यातलाच कुणीतरी आसंल," एवढाच निकाल. न्याय झाला, कारण गुन्हेगार कधीच सुटला नाही.

आम्हाला वेगळं ओळखायचं कसं, हा गावापुढचा खरा प्रश्न होता. एक लंब्या बालाजी झाला, एक वेशीवरचा. एकाच्या घरी म्हैस मारकी होती, तो मारक्या बालाजी. स्वभावानं तो इतका गरीब होता की कोंबडीलासुद्धा हुसकत नसे, पण म्हशीचा गुण त्याला चिकटला तो चिकटलाच. उरलो आम्ही दोघं. त्याचेही वडील माधव, माझेही माधव. त्याचंही घर मारुतीमागं, माझंही. दोघांचं आडनाव, कूळ, भाऊकी सगळं एक. शेवटी गुरुजींनी हात टेकले आणि हजेरीच्या पुस्तकात 'बालाजी माधव १' आणि 'बालाजी माधव २' असं लिहिलं. मी दोन. ह्या 'एक'ची गोष्ट पुढं यायची आहे, म्हणून त्याला लक्षात ठेवा.

आकडा लावण्याची ही पद्धत गुरुजींनी शोधली असं मी पुष्कळ वर्षं समजत होतो. नंतर कळलं, थंडीकडच्या देशांतले राजे तेच करत आले आहेत. स्वीडनमध्ये एरिक नावाचा एक राजा १५६० मध्ये गादीवर आला आणि त्यानं स्वतःला चौदावा म्हणवून घेतलं. आधी तेरा एरिक झाले होते का? बरेचसे नव्हते. त्यांच्याकडच्या एका इतिहासकारानं जुन्या काळात भराभर राजे बसवून दिले होते, त्यातले एरिक मोजून हा चौदावा निघाला. आमच्याकडं असं खोटं मोजायची गरज पडली नसती. अहमदपूर ते उदगीर एस.टी.त बसलं तरी चौदावा बालाजी निलंग्याचं तिकीट काढताना सापडतो.

डेन्मार्कवाल्यांची तऱ्हा तर हुबेहूब आमच्या घरासारखी. १५१३ पासून तिथं जो राजा झाला तो ख्रिश्चन तरी नाहीतर फ्रेडरिक तरी. ख्रिश्चनचा फ्रेडरिक, फ्रेडरिकचा ख्रिश्चन. आमच्यात आजोबा बालाजी, वडील माधव, मी बालाजी, माझा मुलगा माधव. राजवाडा सोडला तर फरक काही नाही. आजोबाचं नाव नातवाला द्यायचं, म्हणजे माणूस जातो पण रेशनकार्डावरचं नाव खोडावं लागत नाही.

फक्त एक घोटाळा डेन्मार्कमध्ये होत नसावा. माझ्या आईनं मला जन्मात कधी नावानं हाक मारली नाही. सासऱ्याचं नाव सून कशी घेणार? मी झालो तेव्हा आजोबा अंगणात बाजेवर पानाचा डबा घेऊन जिवंत बसलेले. "बालाजी, मेल्या, कुठं उलथलास?" असं आईनं एकदा जरी ओरडलं असतं तरी वाड्यात भूकंप झाला असता. म्हणून मी बापू. शेजारच्या वाड्यातला दुसरा बालाजी आबा, कारण तीच अडचण. लंब्याला त्याची आई दादा म्हणायची. बारशाला आत्यानं कानात 'कुर्र' करून मोठ्या थाटानं नाव ठेवायचं, आणि त्याच दिवसापासून ते घरात उच्चारायची बंदी! आईला मला शिव्या द्यायच्या असल्या तरी अदबीनं द्याव्या लागत. "बापू, अहो बापू, या आता घरात, तंगडं मोडते तुमचं."

इथं मला एक ऐतिहासिक शोध लागला आहे, तो विद्यापीठाच्या लोकांनी तपासून घ्यावा. पेशव्यांत पहिला मोठा बाळाजी विश्वनाथ. १७१३ मध्ये पेशवा झाला, १७२० मध्ये वारला. त्याचा मुलगा बाजीराव. त्या बाजीरावाला त्याच १७२० सालच्या शेवटी मुलगा झाला, त्याचं नाव काय ठेवलं? बाळाजी! पण इतिहासात हा बाळाजी बाजीराव कोणत्या नावानं ओळखला जातो? नानासाहेब. आता नाना फडणीस घ्या. कागदोपत्री बाळाजी जनार्दन भानू. आजोबा कोण? बाळाजी महादेव भानू. आणि नातू जगाला माहीत आहे तो नाना म्हणून. मोठमोठ्या लोकांनी याची काय कारणं दिली असतील ती असोत. माझ्या मते सरळ आहे. काशीबाई बाजीरावाची बायको झाली म्हणून काय झालं, सून होती. सासऱ्याचं नाव घेऊन पोराला वरणभात कसा भरवणार? म्हणून नाना. अटकेपार गेलेल्या मराठी राज्याची दोन मोठी माणसं आईच्या अडचणीमुळं नाना झाली, आणि आमच्या गावात मी बापू झालो. नानासाहेबाचा मुलगाही माधवरावच, हे मी आमच्या भाऊकीत मुद्दाम सांगत असतो. कुणी मनावर घेत नाही.

नानासाहेबाचं आमच्याशी आणखी एक नातं आहे. १७६० मध्ये निजामाचा पराभव झाला ती लढाई उदगीरची. लढायला सदाशिवरावभाऊ, पण पेशवाई बाळाजीची. म्हणजे लातूर जिल्ह्यात बाळाजीचा पाय अडीचशे वर्षांपूर्वी पडलेला आहे. पण बारकाईनं बघा, तो 'ळ'चा बाळाजी. श्रीवर्धनचा, कोकणातला. आमचा बालाजी 'ल'चा. ह्या एका अक्षरात दोन मुलूख आहेत.

त्याची शिक्षा मी डी.एड.नंतर पुण्यात दोन वर्षं नोकरी शोधत होतो तेव्हा भोगली. सदाशिव पेठेतल्या घरमालकिणीनं पहिल्या दिवसापासून मला बाळाजी केलं. "अहो बाळाजी, नळ बंद करा." मी म्हटलं, काकू, बालाजी. त्या म्हणाल्या, "तेच ते." मी म्हटलं, तेच नाही, तुमचा बाळ आहे, आमचा देव आहे. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही साऊथचे का?" मी नांदेडकडचा आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा एकदम उजळला. "हं! तरीच! आमच्या मागच्या वर्षीच्या भाडेकरूचंही नाव बालाजीच होतं. आणि त्याच्या आधीच्याचं पण. भाडं मात्र दोघंही वेळेवर द्यायचे हो."

त्या दिवशी मला कळलं की पुण्यात हे नाव राहत नाही, ती गाडीची पाटी होते. एमएच २४ म्हटलं की लातूर, एमएच २६ म्हटलं की नांदेड, आणि बालाजी म्हटलं की दोघांपैकी एक. आता हिंजवडीत मुलाखत घेणारा साहेबसुद्धा अर्जावर नाव वाचून विचारतो, "नांदेड की लातूर?" कुणी परभणीचा निघाला तर साहेबाचा हिरमोड होतो.

हा देव आमच्याकडं आला कसा, हे नकाशा बघितला की कळतं. देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट या बाजूला एक पाऊल टाकलं की तेलंगण. तिथल्या बाजारात मराठी आणि तेलुगू एकाच तराजूत मोजतात. नांदेडात 'वार'नं संपणारी आडनावं ऐकली की अर्धं गोत्र गोदावरीच्या खालच्या अंगाला असल्याचं समजतं. उदगीर, देवणी, निलंग्याला कर्नाटक लागून. १९४८ पर्यंत आम्ही सगळे निजामाच्या राज्यात, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू एका दावणीला. त्यामुळं आमचा नवस पंढरपूरला फिटला नाही की पुढचा थेट तिरुपतीला. नांदेडच्या रेल्वेचा मुख्य साहेब तर आजही सिकंदराबादला बसतो, म्हणजे गाडीचं तोंडसुद्धा तिकडंच.

गंमत ही की ज्यांच्या मुलखात तो देव उभा आहे त्यांच्या तोंडी बालाजी हे नाव तितकंसं नाही. ते म्हणणार वेंकटेश्वर, श्रीनिवास, लाडात आले तर एडुकोंडलवाडा, म्हणजे सात डोंगरांचा धनी. बालाजी हे उत्तरेकडून गेलेल्या भाविकांच्या तोंडचं नाव. तिथं हाथीरामजी मठ आहे, उत्तरेतल्या एका बैराग्याच्या नावाचा. तो बैरागी देवाशी सोंगट्या खेळायचा असं सांगतात. १८४३ पासून १९३३ पर्यंत देवस्थानाचा कारभार त्याच मठाच्या महंतांकडं होता. आता दक्षिणेतल्या देवाला उत्तरेनं दिलेलं नाव मधल्या मुलखानं आपल्या पोरांना ठेवलं, ह्यात मराठवाड्याचं सगळं आलं. आम्ही कायम मधे. विकासही आमच्याकडं येताना असाच दोन्हीकडून निघतो, फक्त तो पोचत नाही.

उत्तरेचा बालाजी तरी एक असावा की नाही? लातूरच्या गंजगोलाईत एका मारवाडी शेटजींच्या दुकानी मी सतरंजी घ्यायला गेलो. नाव ऐकून शेटजींनी हात जोडले. "वा! बजरंगबली!" मी म्हटलं, नाही हो, बालाजी. ते म्हणाले, "तेच तर. आमच्या राजस्थानात सालासर बालाजी, मेहंदीपूर बालाजी, दोन्ही हनुमानजी." म्हणजे मी पन्नास वर्षं विष्णू म्हणून वावरलो आणि एका सतरंजीच्या पायी मारुती निघालो. बायकोला घरी येऊन सांगितलं तर ती म्हणाली, "तरी म्हणलं, खाण्यावरून आंदाज येतच व्हता."

माझं नाव बालाजी ठेवण्यामागं आजोबांबरोबर एक नवसही होता. मला आधी वाटायचं तो फक्त माझ्यासाठी केलेला, मग कळलं की त्या साली गावातल्या अर्ध्या बायांनी एकाच जीपमध्ये बसून तो केला होता. देव पावला तोही घाऊक. नवस फेडायला जावळ काढायचं तिरुपतीलाच, कल्याणकट्ट्यावर. सोबत बापाचंही डोकं, मामाचंही, आणि सोबत आलेल्या शेजाऱ्याचं उगीच. परत येताना बसभर टकली आणि लाडवाचा वास. त्या लाडवाला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे दुसऱ्या कुणी तसा लाडू वळून तिरुपतीचा म्हणून विकायचा नाही. 'बालाजी' ह्या नावासाठी नांदेड आणि लातूरनं मिळून असा अर्ज करायला काय हरकत आहे? अध्यक्षपदावरून भांडण होईल, पण दोन्हीकडचा उमेदवार बालाजीच असल्यामुळं निकाल लावता येईल.

नवस पोराचा असो नाहीतर पावसाचा, ह्या देवाचं आमच्या लोकांशी जमतं त्याचं खरं कारण वेगळं आहे. तो कर्जबाजारी आहे. पद्मावतीशी लग्न करायचं तर खर्चाला पैसा नव्हता, म्हणून त्यानं कुबेराकडून कर्ज काढलं. कलियुग संपेपर्यंत त्याचं व्याज फेडायचं आहे. भाविक हुंडीत जे टाकतात ते त्या हप्त्यात जमा होतं, अशी कथा. तेहतीस कोटींत लग्नासाठी कर्ज काढणारा हा एकच देव असावा, आणि तो आमच्याच वाट्याला आला! ज्या मुलखात पोरीच्या लग्नाला दोन एकर आणि पोराच्या लग्नाला एक एकर जातं, तिथं ह्या देवाची गोष्ट कीर्तनकाराला समजावून सांगावी लागत नाही. माझे वडील म्हणायचे, "देवाचं बरं हाय. त्याचं व्याज लोक भरतात. आपल्या दारात भरायला येतंय का कोणी?" सोसायटीचा सचिव दारात येई, पण भरायला नव्हे.

आमच्यात आणि व्यंकटमंडळींत एक सुप्त चुरस आहे, ती इथं सांगून टाकतो. देव एकच, पण व्यंकट मोठे झाले. व्ही. व्ही. गिरी राष्ट्रपती, त्यांच्या नावात मधे वेंकट. आर. वेंकटरमण राष्ट्रपती. पी. व्ही. नरसिंह राव पंतप्रधान, त्यातला 'व्ही' म्हणजे वेंकटच. ते तर उत्तम मराठी बोलायचे आणि रामटेकहून दोनदा खासदार होते. सी. व्ही. रामन १९३० मध्ये स्टॉकहोमला जाऊन नोबेल घेऊन आले, तोही 'व्ही' वेंकट. २००१ मध्ये कोलकात्याला ऑस्ट्रेलियाला २८१ धावांनी झोडपणारा लक्ष्मण, त्याच्या दोन 'व्हीं'पैकी दुसरा वेंकट. दक्षिणेत व्यंकट आद्याक्षरात लपून बसतो आणि राष्ट्रपती होतो. आमच्याकडं त्याला मोंढ्यात "ए व्यंक्याऽऽ" म्हणून ओरडतात आणि तो हमालांचा मुकादम होतो. नांदेडचं विद्यापीठसुद्धा बघा. स्वामी रामानंद तीर्थांचं मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. संन्यास घेतला, नाव सोडलं, हैदराबादचा लढा चालवला, आणि १९९४ मध्ये नांदेडात त्यांच्या नावाचं विद्यापीठ उभं राहिलं. म्हणजे व्यंकटानं नाव टाकलं तरी त्याचं विद्यापीठ होतं. ते आहे विष्णुपुरीला. तिथल्या धरणाच्या पाण्याला नाव मात्र शंकरसागर. आमच्याकडं देवांचीसुद्धा युती असते.

बालाजींच्या बाजूला सांगण्यासारखं कोण? लक्ष्मीपती बालाजी आहे. २००४ मध्ये भारतीय संघ पाकिस्तानात गेला तेव्हा ह्या तमिळ पोरानं गोलंदाजीपेक्षा दात दाखवून तिकडच्या लोकांना जिंकलं. त्या वर्षी आमच्या शाळेतले सगळे बालाजी चेंडू टाकून झाला की विनाकारण हसायला लागले. फलंदाजी करायला कुणी तयारच होईना. नांदेड उत्तरचे आमदार बालाजी कल्याणकर आहेत, आणि पार तिकडं मुंबईच्या अंगाला अंबरनाथचे आमदार डॉ. बालाजी किणीकर. साहित्यात आमचा भाव त्याहून बरा आहे. अंबाजोगाईचे बालाजी सुतार, उमरग्याचे बालाजी मदन इंगळे. इंगळ्यांनी मधलं नाव सोडलं नाही त्याचं कारण मला विचाराल तर साहित्यिक नसावं. वडलांचं नाव नसलं तर पोस्टमन मानधनाची मनीऑर्डर कुणाला देईल याचा भरवसा काय? बाकी मुंबईत एकता कपूरबाईंनी १९९४ मध्ये कंपनी काढून तिला आमचं नाव दिलं, आणि पुढं वीस वर्षं सासवा-सुनांची सगळी कारस्थानं बालाजीच्या नावावर जमा झाली. राजकोटचे वेफर्सही बालाजीच. माझा नातू दुकानात जाऊन "दोन बालाजी द्या" म्हणतो तेव्हा मला कसंसंच होतं. पाच रुपयांत एक, आणि आत निम्मी हवा.

मोबाइल आल्यापासून आमच्या नावाचं काय झालं ते कुणाच्याही फोनमध्ये बघून घ्या. माझ्या फोनमध्ये बालाजी दूध, बालाजी जेसीबी, बालाजी लाइनमन, बालाजी लाइनमन नवा, बालाजी साडू, बालाजी उधार, बालाजी उचलू नये. ह्या 'उचलू नये'चं खरं आडनाव मी विसरलो आहे. एकदा माझ्या मित्राच्या फोनमध्ये माझं नाव कसं आहे ते चुकून दिसलं. 'बालाजी लांबण'. मी काही बोललो नाही. बोलायला लागलो असतो तर त्याचं खरं झालं असतं.

आता त्या 'बालाजी माधव १'कडं येतो.

नोकरीमुळं मी नांदेडला राहतो, पण गावात वडलोपार्जित चार एकर कोरडवाहू आहे. त्यात सोयाबीन. काही वर्षांपूर्वी पावसानं ऐन काढणीत घात केला आणि विमा मंजूर झाला. यादीत माझं नाव होतं. नाव, वडलांचं नाव, आडनाव, गाव, सगळं बरोबर. पैसे खात्यात मात्र आले नाहीत. मी चौकशीला गेलो, त्या कार्यालयाचं नाव घेत नाही. खिडकीतला पोरगा म्हणाला, "सर, पैशे तर पडलेत."

"कुणाच्या खात्यात?"

"बालाजी माधव यांच्या."

"मीच बालाजी माधव."

त्यानं माझ्याकडं दयेनं बघितलं. "कोणता?"

मी शनिवारी गावाकडं गेलो. 'एक' मारुतीच्या पारावर बसलेला होता, अंगात नवी कोरी बंडी. मला बघून उठला, पाया पडला. आम्ही बरोबरीचे, पण मी मास्तर, म्हणून तो पाया पडतो. चहा झाला. मग मी विषय काढला. तो मुळीच घाबरला नाही. म्हणाला, "सर, माझ्या खात्यात एकदम नऊ हजार दिसले. म्या तर विमा भरलाच नव्हता. म्या म्हणलं, देवानं दिलं."

"कोणत्या देवानं?"

"कोणता म्हंजे? बालाजीनं."

यावर मी काय बोलणार? खरं तेच होतं. बालाजीनंच दिलं होतं.

बरं, त्यानं पैसे उडवले म्हणावं तर तसंही नाही. त्यातले चार हजार घेऊन तो मंडळीसह तिरुपतीला जाऊन आला होता, देवाचे आभार मानायला. माझ्या विम्याचे पैसे कुबेराच्या व्याजात जमा झाले. उरलेल्यात बंडी, लुगडं आणि एक शेळी. मला अर्धा लाडू मिळाला. तो मात्र चांगला होता.

"सर, तुमचा पै न् पै फेडतो," तो म्हणाला. "सोयाबीनवर दीड हजार, हरभऱ्यावर दीड हजार. देवाची आण."

एक वर्ष त्यानं खरंच पाळलं, तीन हजार आणून दिले. मग शेळी व्यायली, एक करडू माझ्या नावानं सोडलं असं त्यानं कळवलं. त्याचं नावही बालाजी ठेवायचा त्याचा विचार होता, तो मी हाणून पाडला. पुढच्या वर्षी पाऊस पडला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी जास्त पडला.

दरम्यान माझ्या घरातली गादी खंडित झाली. मुलगा माधव हिंजवडीत असतो. त्याला मुलगा झाला तेव्हा मी हक्कानं बालाजी सुचवलं. सून शिकलेली, तिला सासऱ्याचं नाव घ्यायची काहीच अडचण नाही. उलट ती मला मुलीसारखी "बाबा, तुमचं नाव छानच आहे, पण" एवढं म्हणाली आणि पणच्या पुढं काही बोलली नाही. बारसं हॉटेलात झालं. आत्या अमेरिकेत, तिनं कुर्र फोनवर केलं, आणि नाव निघालं रेयांश. अर्थ विचारला तर सुनेनं सांगितला तो विष्णूचा अंश असा. म्हणजे फिरून तेच. गेल्या जूनमध्ये नातू शाळेत गेला. वर्गात आणखी तीन रेयांश आहेत. बाईंनी त्यांना रेयांश ए, बी, सी, डी केलंय. आमचा डी. डेन्मार्कमध्येही १९७२ मध्ये राणी आल्यामुळं क्रम मोडला होता, पण २०२४ मध्ये दहावा फ्रेडरिक गादीवर बसला आणि त्याच्या मुलाचं नाव ख्रिश्चन ठेवलेलं तयार आहे. म्हणून मी आशा सोडलेली नाही.

नऊ हजारांतले सहा अजून यायचे आहेत. 'एक' सध्या गावात नाही, ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेला म्हणतात, कुणी म्हणतं पोराकडं पुण्याला. तुम्हाला कुठं भेटला तर त्याला एवढा निरोप द्या, की सर रागावलेले नाहीत, हरभऱ्यावर दिले तरी चालतील. नाव बालाजी. वडलांचं माधव. आणि त्यानं विचारलं की कोणत्या बालाजीनं निरोप दिलाय, तर 'दोन' म्हणून सांगा.